ऑनलाइन गोंडी क्लास: १२ रविवार, फी बाराशे, आणि ‘समजतं पण बोलता येत नाही’वाल्यांची बुधवारची बॅच

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहीत नाहीये. चालवणारे दोघंच आहेत, एक सर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडचे आणि एक ताई गडचिरोलीतल्या कोरचीकडच्या, दोघंही नोकरी सांभाळून करतात आणि खाली मी तक्रारी पण लिहिल्यात, त्या वाचून उगाच कोणी त्यांच्या मागे लागायला नको. ज्याला खरंच पाहिजे त्याच्याकडे गोंड समाजाच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर पोस्टर येऊन पडलेलंच असेल, पिवळ्या रंगाचं, वर मोठ्या अक्षरात ‘सेवा जोहार’, म्हणजे आपला नमस्कार.

फी १२०० रुपये, तीन महिने, दर रविवारी सकाळी ११ ते १२ व्हिडिओ कॉलवर. एका फीमध्ये घरातले कितीही जण बसा. मला पाचपैकी स्टार द्यायचे तर रविवारच्या वर्गाला तीन आणि बुधवारच्या बॅचला पाच. बुधवारचं प्रकरण पोस्टरवर कुठेच नाहीये, आणि खरी गोष्ट तीच आहे. त्यावर येतोच.

माझं थोडं सांगतो म्हणजे कुठल्या माणसाने रिव्ह्यू लिहिलाय ते कळेल. गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, मुरूमगावच्या पुढे, जवळजवळ छत्तीसगडच्या हद्दीवर. आता पंधरा वर्षं चिंचवडला, एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला. घरी आईबाबा गोंडीच बोलायचे. पाचवीला आश्रमशाळेत गेलो आणि तिथे गोंडी बोललं की छडी, मग आम्ही पोरं आपापसात पण मराठीच बोलायला लागलो, आणि सुट्टीत घरी आलो की आई गोंडीत विचारणार, मी मराठीत उत्तर देणार. तेव्हापासून आजपर्यंत तसंच चालू आहे. आईचा फोन येतो, ती अर्धा तास गोंडीत बोलते, मला शब्द न शब्द कळतो, शेजारणीबद्दल काय टोमणा मारला ते पण कळतं, आणि मी मात्र ‘हो गं’, ‘नाही गं’, ‘पैसे पाठवले का दादाने’. बायको पण गोंडच आहे पण वर्ध्याकडची, त्यांच्या घरी आजोबांपर्यंत गोंडी होती, मग संपली. त्यामुळे आमच्या घरात भाषा आली तर ती माझ्याच तोंडून येणार होती, आणि माझं तोंड बंद. पोरगी आठ वर्षांची, तिला गोंडीतलं ‘येर’ म्हणजे पाणी एवढंच यायचं, ते पण आजी आली होती तेव्हा तिने शिकवलेलं.

तर क्लास लावला तो पोरीसाठी. असं मी सगळ्यांना सांगितलं.

पहिल्या रविवारी स्क्रीनवर चाळीसेक खिडक्या. हजेरी घेताना ताई प्रत्येकाला तिरु. आणि तिरुमाय, म्हणजे श्री. आणि श्रीमती, लावून नाव घेतात, आपल्याकडे लग्नपत्रिकेत लावतात तसं, पोरांना पण, त्यामुळे आमची पोरगी तिरुमाय झाली आणि दिवसभर मला ‘मला तिरुमाय म्हणा’ करत फिरली. सुरुवात आकड्यांनी. उंडी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग. इथेच माझी गाडी अडली. आमच्याकडे पाचाला सैयुंग म्हणत नाहीत, हैयुंग म्हणतात. मला वाटलं सरांची जीभ वळत नसेल. संध्याकाळी पोरीने आजीला फोनवर पाचापर्यंत मोजून दाखवलं तर आजी हसून हसून बेजार, म्हणाली ही तर पार तिकडची सून झाली.

पुढच्या रविवारी मी हे सरांना विचारलं, जरा तावातावानेच, आणि तिथे सर जे बोलले ते ऐकून मी गप्प झालो. उत्तरेकडे, म्हणजे छिंदवाडा, मंडला, बैतूलकडे जिथे ‘स’ आहे तिथे बस्तरच्या मुरिया लोकांत ‘ह’ होतो आणि आणखी खाली माडिया लोकांत तो ‘ह’ पण गळून पडतो. सैयुंग, हैयुंग, ऐयुंग. मिठाचं पण तसंच, सोवर, होवर, ओवर. एकच शब्द डोंगर उतरत उतरत खाली गेला आणि वाटेत एकेक कपडा टाकत गेला, असं सर म्हणाले (हे वाक्य त्यांनी नक्की पाठ करून ठेवलेलं असणार, तरी आवडलं). म्हणजे आई पण बरोबर, सर पण बरोबर, आणि भामरागडचा माझा माडिया रूममेट होता ज्याला आम्ही ‘तुझी गोंडी अर्धी आहे’ म्हणून चिडवायचो तो पण बरोबर.

आता तक्रार. हे जर त्यांना इतकं चांगलं माहीत आहे तर पहिल्याच दिवशी का नाही सांगत? माझ्यासारखे पाच-सहा जण तर होतेच ज्यांना वाटलं की आपल्या घरची भाषा चुकीची आहे. आश्रमशाळेत एकदा ऐकलं की तुमची भाषा भाषाच नाही, आता आपल्याच माणसाकडून ऐकायचं की तुमची बोली शुद्ध नाही? एका बाईंनी तर दुसऱ्या रविवारनंतर यायचंच बंद केलं. चौथ्या आठवड्यात शेवटी तीन रकान्यांचा तक्ता आला, स-वाला, ह-वाला, काहीच-नाही-वाला, आणि आपापल्या रकान्यात बोट ठेवून वाचा म्हणून सांगितलं. तो तक्ता मस्त आहे, आमच्या फ्रिजवर लावलाय. पण तो पहिल्या पानावर पाहिजे होता.

एक प्रमाण गोंडी पाहिजे हे मला पण पटतं बरं का. २०१८ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी बोलणाऱ्यांनी एकत्र बसून सुमारे तीन हजार शब्दांचा कोश काढला, चार वर्षं लागली त्याला. एकमेकांचं एकमेकांना कळलं पाहिजे, पुस्तकं छापायची तर कुठल्या तरी एका रूपात छापावी लागणार. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या जवळपास आहेत आणि तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही, बोडो आणि संथाली २००३ मध्ये आत गेल्या, आपण अजून दारात. ते सगळं मान्य. पण चिंचवडच्या टू बीएचकेमध्ये माझ्या पोरीला कोशातली गोंडी येऊन आजीशी बोलता आलं नाही तर ती मी कुठे वापरू?

मग लिपी. बारापैकी तीन रविवार लिपीवर गेले. मला हे फार वाटले, सरळ सांगतो. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये बालाघाटकडे तयार केलेली मसराम लिपी शिकवतात, आणि तोंडी लावायला गुंजाला लिपीची गोष्ट, ती आदिलाबादमधल्या गुंजाला गावात जुन्या पोथ्यांमध्ये सापडली. दोन्ही आता युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-फोनच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आहेत, मसराम २०१७ पासून आणि गुंजाला २०१८ पासून, म्हणजे फोनवर टाइप करता येतात, म्हणजे यायला पाहिजेत. ताईंनी ग्रुपवर मसराम लिपीत मेसेज टाकला तर माझ्या फोनवर नुसते चौकोन चौकोन दिसले, अर्ध्या ग्रुपला चौकोनच दिसले, आणि कोणीतरी खाली लिहिलं ‘ताई खिडक्या पाठवल्या का’. फॉन्ट फुकट मिळतो, टाकता येतो, पण गावातल्या आईच्या फोनवर कोण टाकणार.

पोरीचं मात्र उलट. तिला सगळ्यात जास्त लिपीच आवडली. शाळेतल्या मैत्रिणीला पण शिकवली, दोघी आता वर्गात चिठ्ठ्या पाठवतात ज्या बाईंना वाचता येत नाहीत. चिठ्ठीतली भाषा मराठीच आहे, अक्षरं मसरामांची. मला समजेना की यावर खूश व्हायचं का काय. बायको म्हणाली होऊ द्या ना, निदान तिला लपवावंसं तरी वाटतंय, तुम्ही तर लाजायचात. ठीक आहे, तीन रविवार सोडले.

व्याकरण शिकवायची पद्धत चांगली आहे, पुस्तकी नाही. एकच उदाहरण देतो. ‘मावा नाटे मावा राज’ ही मेंढा लेखा गावाची घोषणा, आमच्या गावात आम्हीच सरकार, हे आमच्या धानोरा तालुक्यात शेंबडं पोर पण म्हणतं. मी पण लहानपणापासून म्हणत आलो. पण गावाला ‘नार’ म्हणतात आणि घोषणेत ‘नाटे’ कसं, हा प्रश्न मला अडतीस वर्षांत एकदाही पडला नाही. ताईंनी विचारलं, मराठीत ‘घोडा’ आणि ‘त’ मिळून ‘घोडात’ होतं का? नाही, ‘घोड्यात’ होतं, मधे सामान्यरूप येतं. तसंच ‘नार’चं पुढे काही लागायच्या आधी ‘नाट’ होतं. बस. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत डोक्यातला दिवा लागला कारण मला हे सगळं *येत* होतं, फक्त येतंय हे माहीत नव्हतं.

आणखी एक गंमत, गोंडीत मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. पुरुष एकीकडे, आणि बाई, बैल, झाड, पाऊस, मोटरसायकल हे सगळे दुसरीकडे. तो आला याला वेगळं रूप, बाकी सगळं आलं याला एकच. बायको मागून भाजी निवडत ऐकत होती, म्हणाली, म्हणजे मी आणि बैल एका क्रियापदात? माइक चालू होता. चाळीस खिडक्यांनी ऐकलं. ताई इतक्या हसल्या की पाच मिनिटं तास थांबला, आणि मग म्हणाल्या की पाऊस पण तुमच्याच बाजूला आहे वहिनी, ते बघा ना.

आता बुधवार.

सहाव्या रविवारनंतर ताईंचा पर्सनल मेसेज आला की दादा तुम्ही वर्गात सगळं ओळखता पण विचारलं की मराठीत उत्तर देता, बुधवारी रात्री साडेनऊला एक छोटी बॅच आहे, या. फी वेगळी नाही. गेलो. सात जण. मुंबईच्या एका हॉस्पिटलमधली नर्स, नाशिकला पोलिसात असलेला एक, हैदराबादला बँकेत असलेले एक काका, एक कॉलेजची पोरगी, असे. सगळे माझ्यासारखे. ऐकायला पक्के, बोलायला मुके. ताई त्यांना ‘कानवाले’ म्हणतात.

नियम तीनच. कॅमेरा बंद. प्रत्येकाने दहा मिनिटं गोंडीत बोलायचं, अडलं तर मराठी शब्द घालून पुढे जायचं पण थांबायचं नाही. आणि कोणी कोणाला दुरुस्त करायचं नाही, ताईंनी सुद्धा नाही. विषय पण साधे, आज डब्यात काय होतं, घरून निघाल्यापासून ऑफिसला पोचेपर्यंत काय काय दिसलं.

पहिल्या बुधवारी माझी पाळी आली आणि मी म्युट काढून गप्प बसलो. खरंच आवाज निघेना. घाम. मी कंपनीत ऑडिटरसमोर उभं राहून बोलतो, मला बोलायची भीती नाही, पण आईच्या भाषेत एक वाक्य म्हणायला गेलो तर घसा धरला आणि मागून कोणीतरी छडी घेऊन उभं आहे असं वाटलं, आता हसू येतं पण तेव्हा नाही आलं. शेवटी मी ‘नावा परोल’ म्हणून माझं नाव सांगितलं, चौथीतल्या पोरासारखं, आणि मग बाबा गावाहून आले होते ते सांगायला गेलो. आणि बाबा ‘आले’ याला मी ते दुसरं रूप वापरलं. पावसाचं आणि बैलाचं. दोन सेकंद शांतता आणि मग नर्सबाई फिस्सकन हसल्या, मग काका, मग मी पण. कोणी दुरुस्त केलं नाही. मीच पुढच्या वाक्यात बदललं. लहानपणी हे मला बरोबर येत असणारच ना, आश्रमशाळेच्या आधी. आतमध्ये कुठेतरी होतंच, त्याशिवाय चूक माझी मला कशी कळली?

सहा बुधवार झाले. दहा मिनिटं मी आता बोलतो, पार गुळगुळीत नाही, पाचातला एक शब्द मराठी असतो, काळ चुकतात. पण बोलतो. बाकीच्या कुठल्या क्लासमध्ये, ॲपमध्ये मी हे बघितलं नाही, कारण सगळे धरून चालतात की शिकणाऱ्याला एक तर काहीच येत नाही नाहीतर सगळं येतं. मधल्या लोकांचं काय? शहरात आलेल्या आपल्या पिढीत मधलेच तर जास्त आहेत.

ज्यांना क्लास नको त्यांच्यासाठी बाकीचं थोडक्यात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोंडीत गोष्टींची पुस्तकं फुकट आहेत, चित्रं चांगली, झोपताना वाचायला बेस्ट, मी वाचतो आणि पोरगी मला हसते. सीजीनेट स्वरा ही फोनवरची सेवा २०१० पासून आहे, त्याला इंटरनेट लागत नाही, मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, एक दाबून आपला निरोप रेकॉर्ड करायचा, दोन दाबून दुसऱ्यांचे ऐकायचे, गावाकडच्या माणसांचे खरे आवाज ऐकायला मिळतात. सरकारचं आदि वाणी हे भाषांतराचं ॲप २०२५ मध्ये आलंय, त्यात संथाली, भिली, मुंडारीबरोबर गोंडी पण आहे, अडलेला शब्द बघायला उघडतो मी. आणि गावाकडेच राहणाऱ्यांसाठी तर आमच्या तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ पासून गोंडीतून शिकवणारी शाळाच काढली, मान्यतेसाठी कोर्टापर्यंत जावं लागलं त्यांना. पण ती मोहगावात, मी चिंचवडात.

तर क्लासच्या उरलेल्या तक्रारी. रेकॉर्डिंग सात दिवसांत डिलीट करतात, का ते विचारलं तर स्टोरेज, अहो शंभर रुपये जास्त घ्या. सर मधेच पुनेमवर, म्हणजे गोंडांच्या धर्मावर, आणि इतिहासावर सुरू झाले की अर्धा तास जातो, विषय चांगला आहे पण पोरं तोपर्यंत कार्टून लावून बसलेली असतात. शेवटी सर्टिफिकेट मिळालं त्यात आमचं आडनाव चुकलंय, ज्या क्लासमध्ये आपली नावं नीट म्हणायला शिकवतात तिथे.

आणि शब्दांचा मोठा घोळ. चित्रांचा तक्ता दाखवून झाड, नदी, नांगर, जंगल शिकवतात. पोरगी विचारते नांगर कुठे आहे आपल्याकडे? तिच्या दिवसात लिफ्ट आहे, स्कूलबस आहे, टिफिन आहे, पार्किंगमधलं कुत्रं आहे, त्यातल्या फक्त कुत्र्याला शब्द मिळाला. उलटं पण आहे. आई मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला जाते, त्या एका कामाचे तिच्याकडे इतके शब्द आहेत, ओला, सुकत आलेला, दव पडलेला, टोपलीभर, आणि त्यातला एकही मी इथे कशाला बोट दाखवून शिकवू? हा काही क्लासचा दोष नाही म्हणा. पण मी ताईंना सुचवलं की रोजच्या हुकमांपासून सुरू करा, ते कुठेही चालतात. त्यांनी ऐकलं, नवव्या रविवारी केलं. आता आमच्या घरात ‘वरा’, ‘उदा’, ‘येर तरा’ चालू आहे, ये, बस, पाणी आण. सगळ्यात जास्त ‘येर तरा’ पोरगीच म्हणते, मला.

नवी बॅच पुढच्या महिन्यात आहे, मी परत पैसे भरलेत, मला फक्त बुधवार पाहिजे पण तसं वेगळं तिकीट नाहीये. रविवारच्या जागेवर या वेळी बायको बसणार आहे, सुरुवातीपासून, उंडी-रंडपासून. लावणार असाल तर पहिल्याच दिवशी सांगा की आमचा रकाना कुठला, तो तक्ता मागून घ्या, आणि समजतं पण बोलता येत नाही असं असेल तर सहा आठवडे वाट बघत बसू नका, ताईंना सरळ मेसेज करा की आम्ही कानवाले. आईला अजून सांगितलेलं नाही. तिचा फोन शुक्रवारी येतो, टाकीजवळ गेलं की रेंज मिळते तिला, आणि मागच्या शुक्रवारी मी ‘हो गं’ म्हणायच्या ऐवजी चार शब्द गोंडीत बोललो, तर ती म्हणाली कोण बोलतंय, आणि फोन दादाकडे दिला.